बुंधा पोखरला, टोक शाबूत: किनाऱ्यावरच्या एका टर्बाइनच्या ब्लेडांचं प्रकरण

मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या एका कारखान्यात स्वतःच्या वापरापुरती वीज बनवणारं गॅस टर्बाइन आहे. एरवी ते नैसर्गिक वायूवर चालतं, वायू कमी पडला की डिझेलवर घेतात. त्याच्या पहिल्या टप्प्यातली ब्लेडं २४,००० तास चालतील या हिशेबाने बसवली होती. दोन-तृतीयांश आयुष्यही पुरं झालेलं नसताना बोरोस्कोपमध्ये (मशीनच्या आत सरकवून बघायच्या नळीत) पात्यांच्या बुंध्याशी करडे डाग आणि बारीक खड्डे दिसले. शटडाउन घेऊन रोटर उघडला आणि ब्लेडांचा अख्खा संच तपासणीसाठी व नव्या कोटिंगसाठी नवी मुंबईत आमच्या शॉपमध्ये आला.

संचाबरोबर निदानही आलं. "टेंपरेचर जास्त गेलंय मॅडम, याच्याहून वरच्या ग्रेडचं कोटिंग मारून द्या," असं मेंटेनन्सच्या साहेबांनी फोनवर सांगितलं. वरच्या ग्रेडचं म्हणजे जास्त ॲल्युमिनियमचं, जास्त तापमान सोसणारं. मागणी अगदी स्वाभाविक होती. कोटिंगच्या माहितीपत्रकावर पहिला ठळक आकडा कमाल तापमानाचाच असतो, आणि कोटिंग गेलं की तो आकडा ओलांडला गेला असणार असं कुणालाही वाटतं. पण ब्लेडं टेबलावर मांडल्यावर दिसलं ते वेगळंच. पात्याचा जो भाग सर्वांत जास्त तापतो, म्हणजे मधला आणि वरचा, तिथे कोटिंग शाबूत होतं. तुलनेने थंड असलेल्या बुंध्याशी ते पोखरलं गेलं होतं. ही विसंगती उलगडेपर्यंत नवं कोटिंग मारायचं नाही, असं मी ठरवलं.

कोटिंग काम कसं करतं

ब्लेडाचा मूळ धातू इन्कोनेल ७३८ होता. निकेलचा पाया, १६ टक्के क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम प्रत्येकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हा मिश्रधातू घडवला आहे तो ताकदीसाठी. लाल तापलेल्या अवस्थेत प्रचंड केंद्रोत्सारी ओढ सोसत, लांब न होता हजारो तास फिरत राहायचं, हे त्याचं काम. ऑक्सिजनशी झुंजणं त्याला फार काळ जमत नाही, म्हणून त्यावर त्याच कामासाठी बनवलेल्या दुसऱ्या मिश्रधातूचा थर देतात. या संचावर एमक्रॅली (MCrAlY, म्हणजे निकेल किंवा कोबाल्टच्या पायात क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि इट्रियम) कुळातला थर होता: कोबाल्टचा पाया, ३२ टक्के निकेल, २१ टक्के क्रोमियम, ८ टक्के ॲल्युमिनियम आणि अर्धा टक्का इट्रियम. एचव्हीओएफ गनने, म्हणजे ज्वालेतून पावडर प्रचंड वेगाने फवारणाऱ्या गनने मारलेला, जाडी पावणेदोनशे मायक्रॉनच्या आसपास. फवारल्यावर निर्वात भट्टीत १,०८० अंश सेल्सियसला काही तास ठेवून तो मूळ धातूशी एकजीव केलेला होता.

ऑक्सिजनला थोपवण्याचं खरं काम मात्र या थराच्या पृष्ठभागावर उगवणारा अल्युमिनाचा पापुद्रा करतो. पुरेसं तापमान असलं की थरातलं ॲल्युमिनियम इतरांच्या आधी ऑक्सिजनला धरतं आणि माणिक-नीलम ज्या कोरंडमचे, त्याच रचनेचा अल्फा अल्युमिना तयार होतो. त्यातून धातूचे आणि ऑक्सिजनचे आयन फार सावकाश सरकतात. १९२३ साली पिलिंग आणि बेडवर्थ यांनी दाखवलं की ऑक्साइडचं आकारमान त्यासाठी खर्ची पडलेल्या धातूपेक्षा कमी भरलं तर पापुद्रा पृष्ठभाग झाकूच शकत नाही. मॅग्नेशियमचं हे गुणोत्तर ०.८१ आहे, ॲल्युमिनियमचं १.२८. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, कार्ल वाग्नर यांनी वाढीचा नियम सिद्धांतात बसवला: जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पापुद्रा दुप्पट जाड व्हायला चौपट वेळ लागतो. चांगला पापुद्रा वाढता वाढता स्वतःच्याच वाढीला लगाम घालतो. उच्च तापमानाच्या धातुशास्त्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

पण मशीन बंद केलं की हा पापुद्रा संकटात येतो. थंड होताना खालचा धातू जेवढा आकसतो, त्याच्या जेमतेम निम्माच अल्युमिना आकसतो. पापुद्र्यावर गिगापास्कलच्या घरातला दाब येतो आणि तो जागोजाग सुटतो. पुन्हा तापल्यावर ती जागा भरून काढायला ॲल्युमिनियम लागतं, आणि ते येतं थरातल्या बीटा कणांतून. निकेल-ॲल्युमिनियमचे हे कण म्हणजे कोटिंगचा साठा. पापुद्र्याखालचा बीटा हळूहळू विरत जातो आणि सेक्शनमध्ये, म्हणजे ब्लेड कापून पाहिलेल्या छेदात, तिथे एक मोकळी पट्टी दिसू लागते. साठा संपला की कोबाल्ट-निकेलची भराभर वाढणारी ऑक्साइडं उगवतात आणि तिथून पुढे कोटिंगचा शेवट लवकर येतो.

इट्रियम अर्धाच टक्का असतं, पण पापुद्रा धरून ठेवण्याचं मोठं काम त्याच्याकडे असतं. अशा धातूंची चिमूट घातली की तापतारांचं आयुष्य कितीतरी वाढतं, हे १९३७ च्या फाइल (Pfeil) नावाच्या धातुशास्त्रज्ञाच्या पेटंटपासून ठाऊक आहे. त्याचं कारण कळायला मात्र आणखी अर्धं शतक जावं लागलं. मिश्रधातूतलं लाखात एखाद-दोन भाग असलेलं गंधकसुद्धा सरकत सरकत पापुद्रा आणि धातू यांच्या सीमेवर जमतं आणि पकड सैल करतं. इट्रियम त्या गंधकाला आतच बांधून ठेवतं.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की मेंटेनन्सच्या साहेबांच्या मनात कोटिंग जाण्याची हीच एक वाट होती: साठा संपतो आणि कोटिंग जातं. ती वाट खरी असती तर जास्त ॲल्युमिनियम हा उपाय बरोबरच होता.

सेक्शनमध्ये काय दिसलं

आमच्याकडे मेटॅलोग्राफी सांभाळणारे काका आहेत. नमुने कापणं, मोल्ड करणं आणि पॉलिश करणं यात त्यांची हयात गेली. ब्लेडांचे खोके उघडताच त्यांनी सगळ्यांना बजावलं, "पाण्याला कुणी हात लावायचा नाही." एरवी अशी ब्लेडं आली की प्रथम धुतली जातात, कापताना पाण्याचं कूलंट असतं, पॉलिशही पाण्यावर होतं. बुंध्याशी डाग आहेत आणि कारखाना समुद्राजवळ आहे, एवढ्यावरून काकांनी ताडलं होतं की खड्ड्यांत पाण्यात विरघळणारं काहीतरी असणार. म्हणून नमुने तेलावर कापले, सगळं पॉलिश रॉकेल आणि अल्कोहोलवर झालं. वेळ बराच लागला. पण नेहमीच्या पद्धतीने गेलो असतो तर पुढे जो पुरावा हाती आला, तो मोरीत वाहून गेला असता. खड्डे रिकामे दिसले असते आणि त्यांना कुणीही धुळीच्या माऱ्याचे खड्डे म्हटलं असतं.

वरच्या भागाचा सेक्शन बघून बरं वाटलं. दोन-तीन मायक्रॉनचा सलग अल्युमिना, त्याखाली बीटा विरलेली अरुंद पट्टी, आणि तिच्याखाली बीटा कण दाटीवाटीने भरलेले. साठ्याचा मोठा भाग शिल्लक होता. नुसत्या ऑक्सिडेशनचा हिशेब केला तर हे कोटिंग ठरलेले तास सहज पुरे करणार होतं.

बुंध्याचा सेक्शन अगदी निराळा निघाला. पृष्ठभागावर वाडग्यासारखे गोलाकार खड्डे होते, आत थरावर थर चढलेलं करडं ऑक्साइड. काही खड्डे कोटिंगच्या निम्म्यापर्यंत उतरलेले, काही ब्लेडांवर थेट मूळ धातूला भिडलेले. सर्वांत बोलकी होती ती खड्ड्याच्या कडेची रेषा. खड्ड्याला लागूनच बीटा कण जसेच्या तसे उभे होते, मधली विरलेली पट्टी जवळपास नव्हतीच. साठा भरलेला असताना कोटिंग खाल्लं गेलं होतं. भांडार भरलेलं ठेवूनही उपासमार होते, तेव्हा माल कमी असल्याचं कारण देता येत नाही.

पुढचं काम पवईतल्या एका प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झालं. मूलद्रव्यांच्या नकाशात खड्ड्यांच्या तळाशी गंधक दिसलं, त्याच्याबरोबर सोडियम आणि कोबाल्ट. दुसऱ्या एका ब्लेडाचं साचलेलं द्रव्य खरवडून ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं, हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून आम्लधर्मी केलं आणि त्यात बेरियम क्लोराइडचे थेंब सोडले. लगेच पांढरा साका बसला. अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीतली सल्फेटची परीक्षा! लाखो रुपयांच्या यंत्राने दाखवलेली गोष्ट एका परीक्षानळीने पक्की केली, याचा काकांना झालेला आनंद लपत नव्हता.

७०० अंशांवर काय घडतं

सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळतं. मूळ धातूला ताकद देणारे गॅमा-प्राइम कण उष्णतेत वाढत जातात; ते किती फुगलेत यावरून आम्ही तापमानाचा अंदाज काढला. वरचा भाग साडेआठशेच्या पुढे राहिला होता, बुंधा सातशेच्या आसपास. बुंधा मुद्दामच थंड ठेवतात, कारण सगळ्या पात्याची ओढ तिथे एकवटते. मग सातशेला घनरूप असलेलं मीठ कोटिंग कसं खातं?

ज्वलनवायूत थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड असतो. कोटिंगच्या पृष्ठभागावर कोबाल्टचं ऑक्साइड असलं की त्याच्याशी संयोग होऊन कोबाल्ट सल्फेट बनतं. कोबाल्ट सल्फेट आणि सोडियम सल्फेट एकत्र आले की त्यांचं मिश्रण ५६५ अंशांनाच वितळू शकतं. निकेल सल्फेटबरोबर हीच मर्यादा ६७१ अंश आहे. सातशेच्या पृष्ठभागावर, जिथे एकटं सोडियम सल्फेट कोरडं पडून राहिलं असतं, तिथे अशी पातळ द्रव फिल्म तयार होते. ती पापुद्र्याला खालून-वरून सुटा करते, धातू विरघळवते आणि बाहेरच्या बाजूला ऑक्साइड म्हणून टाकत जाते. खड्डे पडतात ते असे. धंद्यात याला टाइप-टू हॉट करोजन म्हणतात. टाइप-वन साधारण ८५० ते ९५० अंशांत होतं आणि त्यात कोटिंगच्या आत सल्फाइडचे कण पसरलेले दिसतात. आमच्या नमुन्यांत तसे कण नव्हते.

कोबाल्टचं ऑक्साइड मुळात पृष्ठभागावर येतं कसं, हा कळीचा प्रश्न आहे. नवं ब्लेड भट्टीतून पातळ अल्युमिना घेऊनच निघतं. मशीनच्या चालू-बंद फेऱ्यांत तो जागोजाग फाटतो. नऊशेला ती फाट ॲल्युमिनियम भराभर सांधतं. सातशेला ॲल्युमिनियमची हालचाल मंदावलेली असते, घट्ट अल्फा अल्युमिना सहजी बनत नाही, आणि फाटीत कोबाल्ट-निकेलची ऑक्साइडं आधी येऊन बसतात. म्हणजे हजार अंशांसाठी बनवलेलं संरक्षण सातशेला पुरतं जागं झालेलंच नसतं.

आणखी एक उलटी गोष्ट: तापमान वाढवलं की हा हल्ला कमी होतो. सल्फर डायऑक्साइडपासून ट्रायऑक्साइड बनणं जास्त उष्णतेत कमी होत जातं आणि कोबाल्ट सल्फेटही टिकत नाही. म्हणून झीज विरुद्ध तापमान असा आलेख काढला तर सातशेच्या आसपास एक उंचवटा येतो, मग तो उतरतो, आणि टाइप-वनच्या पट्ट्यात पुन्हा चढतो. ज्यांनी फक्त "तापमान वाढलं की ऑक्सिडेशन वाढतं" एवढंच मनात धरलेलं असतं, त्यांना हा उंचवटा पटायला वेळ लागतो. जहाजांवरच्या गॅस टर्बाइनवाल्यांना तो १९७० च्या दशकातच भेटला, कारण जहाज बराच काळ कमी शक्तीवर, सावकाश चालतं आणि ब्लेडं नेमकी सातशेच्या आसपास राहतात. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या विनाशिका गॅस टर्बाइनवरच चालतात. या शहरात हे ज्ञान बंदरापर्यंत कधीचंच आलेलं आहे. जमिनीवरच्या कारखान्यात मात्र आपलं मशीनही जहाजासारखंच समुद्राची हवा पितं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मीठ कुठून आलं

अहवाल घेऊन मी कारखान्यात गेले, तेव्हा मेंटेनन्सचे साहेब पहिल्यांदा मान्यच करेनात. "फिल्टर नवे आहेत, डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) कधी अलार्मला गेलेलं नाही. मीठ आत जाणार कसं?" त्यांचं म्हणणं रेकॉर्डप्रमाणे खरं होतं. कोरड्या कणांसाठी ते फिल्टर चांगलेच होते.

पण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर मुंबईत आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते आणि वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे थेट समुद्रावरून येतो. घरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं, तसंच फिल्टरच्या कागदावर महिनोन्महिने साचलेलं मीठ पाझरतं आणि खारं पाणी होऊन कागदाच्या आरपार पलीकडे जातं. फिल्टरचा दाब वाढत नाही, अलार्म वाजत नाही. थेंब कॉम्प्रेसरमध्ये खेचले जातात, पुढे मिठाची ज्वलनकक्षातल्या गंधकाशी गाठ पडते आणि सोडियम सल्फेट बनतं. थोडं सल्फेट तर आयतंच येतं, समुद्रमिठात त्याचं प्रमाण वजनाने सुमारे ७.७ टक्के असतं. डिझेलवर घेतलेले तास आणि औद्योगिक पट्ट्यातली हवा यांनी गंधकाची उणीव भरून काढली.

आम्ही फिल्टरहाऊसच्या आत, स्वच्छ बाजूला उतरलो. फिल्टरच्या खालच्या चौकटीवर पांढरट ओघळ वाळून बसले होते. साहेबांनी बोटाने एक ओघळ खरवडला, जिभेला लावला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. मी असं करायला कुणाला सांगणार नाही, पण त्यानंतर मिठाबद्दल आमचा वाद झाला नाही.

दुसरा धागा लोडच्या नोंदींत सापडला. मशीन बसवलं तेव्हा ते दिवसरात्र पूर्ण लोडवर चालायचं. नंतर रात्री बाहेरची वीज घेणं परवडू लागलं, म्हणून रात्री टर्बाइन कमी लोडवर ठेवायची किंवा बंदच करायची पद्धत पडली. इंधन कमी केलं की वायूचं तापमान उतरतं आणि बुंधा तासन्‌तास नेमका त्या उंचवट्यात येऊन बसतो. शिवाय रोजच्या चालू-बंदने पापुद्रा फाटत राहतो. ऑपरेशनच्या माणसांनी मशीनला आराम दिला असंच सगळे समजत होते. त्यांच्यावर ठपका ठेवावा असं मला अजिबात वाटत नाही, कारण कमी तापमानाचाही ब्लेडाला धोका असतो हे त्यांच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

नवं कोटिंग कोणतं

जास्त ॲल्युमिनियमचा प्रस्ताव आता दोन कारणांनी बाद होत होता. एक तर साठा कमी पडलेलाच नव्हता. दुसरं, बीटा वाढला की कोटिंग ठिसूळ होतं. निकेल-ॲल्युमिनियमचं हे संयुग सहाशे-सातशे अंशांखाली वाकायला तयार नसतं. रोज चालू-बंद होणाऱ्या मशीनवर असं कोटिंग घातलं तर ते तडकणार, आणि बुंध्याशी गेलेला तडा कोटिंगपुरता राहत नाही, तो ब्लेडात उतरतो. रोटरवरून सुटलेलं एक ब्लेड पुढच्या सगळ्या टप्प्यांची वाट लावतं.

टाइप-टूसमोर टिकतं ते क्रोमियम. त्याचं ऑक्साइड सातशेलाही लवकर बनतं आणि अशा आम्लधर्मी द्रव मिठात सहजी विरघळत नाही. पण तिथेही अडचण आहे. हजार अंशांच्या वर क्रोमियमचं ऑक्साइड वाहत्या वायूत बाष्प होऊन उडू लागतं, आणि क्रोमियम वाढवताना ॲल्युमिनियमला जागा कमी उरते. टोकाला एक हवं, बुंध्याला दुसरं. एका पावडरमध्ये दोन्ही पूर्णपणे बसत नाहीत. या पेचावर सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. मशीन कोणत्या तापमानाला किती तास काढतं, यावर ते ठरतं, आणि म्हणून ऑर्डर घेताना आम्ही लोडच्या नोंदी मागायलाच हव्यात असं माझं ठाम मत आहे.

आधी जुनं कोटिंग आम्लात उतरवलं. उतरवलेलं ब्लेड स्वच्छ झालंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, दोन्ही पृष्ठभाग सारखेच करडे असतात. म्हणून ते भट्टीत हवेत तापवतात आणि रंग बघतात. जिथे मूळ धातू उघडा झालाय तिथे निळसर झाक येते, जिथे ॲल्युमिनियमचं कोटिंग चिकटून आहे तिथे सोनेरी. पहिल्या खेपेला ट्रॉली बाहेर आली तेव्हा प्रत्येक पात्याचा वरचा भाग सोनेरी ठिपक्यांनी भरलेला होता आणि बुंधा निळा. ज्या कोटिंगला निकामी ठरवून ब्लेडं आमच्याकडे पाठवली होती, तेच वरच्या भागात इतकं घट्ट बसलं होतं की आम्लालाही दाद देत नव्हतं. भट्टीवरच्या दादांनी ती ट्रॉली मुद्दाम तशीच ठेवून साहेबांना बोलावून दाखवली. माझ्या अहवालापेक्षा त्या दोन रंगांनी त्यांना जास्त पटवलं.

फ्लोरोसंट पेनिट्रंट तपासणीत, म्हणजे तड्यांत झिरपणाऱ्या चमकत्या द्रवाने केलेल्या तपासणीत, काही ब्लेडांच्या खड्ड्यांतून तडे निघालेले दिसले. ती भंगारात काढावी लागली. बाकीच्यांचे खड्डे मर्यादेत होते, ते घासून सपाट केले.

मग तीन पाककृती ठरल्या. एका गटाला जुनंच कोटिंग, पण बुंध्याशी जास्त जाडीचं. दुसऱ्या गटाला पूर्ण पात्यावर निकेलचा पाया आणि तिशीच्या घरात क्रोमियम असलेलं एमक्रॅली. तिसऱ्या गटाला वर जुनं कोटिंग, बुंध्यावर जास्त क्रोमियमचं, आणि प्लॅटफॉर्मच्या (पात्याखालच्या बैठकीच्या) खालच्या अंगाला, जिथे गन पोहोचत नाही, भट्टीत पावडरमध्ये पुरून केलेलं क्रोमायझिंग, म्हणजे पृष्ठभागात क्रोमियम मुरवणं. तिन्ही गट एकाच रोटरवर, वजनं जुळवून समोरासमोर बसवले. एका रोटरवर वेगवेगळी कोटिंगं तपासण्याची ही रेनबो रोटरची पद्धत जुनी आहे. इंजिनाच्या आतली हवा, मीठ, लोड सगळ्यांना सारखं मिळतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या कुठल्याही भट्टीपेक्षा तिचा निकाल मी जास्त मानते. तिसऱ्या गटात दोन कोटिंगांचा सांधा येतो. मास्किंगची (फवारा नको तो भाग झाकण्याची) कड धारदार राहिली तर तिथून खपली निघते. गन चालवणाऱ्या मुलाने तो सांधा हळूहळू पातळ करत उतरवला. कारागिरीचं हे काम कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

कोटिंगहून जास्त आग्रह मी हवेचा धरला. कारखान्याने पाणी अडवणाऱ्या पटलाचे फिल्टर बसवले, फिल्टरहाऊसच्या तळाला निचऱ्याची वाट काढली, आणि पावसाळ्यात मशीन बंद करून कॉम्प्रेसर धुण्याचं वेळापत्रक आखलं. कमी लोडला एक तळरेषाही ठरवली. तिच्याखाली चालवायचं असेल तर मशीन सरळ बंदच करायचं. ऑपरेशनवाल्यांना हा नियम जाचक वाटला आणि अजूनही वाटतो. इंधनाच्या हिशेबात तो महागही पडतो. तरी नव्या ब्लेडांच्या संचाची किंमत शेजारी मांडली तेव्हा व्यवस्थापनाने तो मंजूर केला.

नव्या कोटिंगच्या ब्लेडांनी एक पूर्ण पावसाळा काढल्यावर बोरोस्कोप झाला. तिन्ही गटांच्या बुंध्यावरचा पांढरट लेप पूर्वीच्या मानाने फारच थोडा होता, म्हणजे सर्वांत मोठा फरक फिल्टरने पाडला. जास्त क्रोमियमच्या दोन्ही गटांवर खड्डा दिसला नाही. जुन्या पाककृतीच्या काही ब्लेडांवर टाचणीच्या टोकाएवढे डाग उठले आहेत. जाडी वाढवल्याने खड्डा पडायचा थांबत नाही, तळाशी पोहोचायला उशीर होतो, एवढंच तूर्त त्यावरून म्हणता येतं. तिसऱ्या गटाचा सांधा बोरोस्कोपमध्ये तरी सलग दिसतो.

पुढच्या ओव्हरहॉलला प्रत्येक गटातलं एक ब्लेड कापायचं ठरलं आहे, पुन्हा तेलावर आणि रॉकेलवरच. पूर्ण पात्यावर जास्त क्रोमियम मारलेल्या गटाच्या टोकाशी बीटा किती उरलाय, हे मला सर्वांत आधी मोजायचंय. तो पुरेसा निघाला तर सुट्या संचाला तेच एक कोटिंग देऊ आणि सांध्याची उठाठेव वाचेल. कमी निघाला तर तिसऱ्या गटाची पद्धत, मास्किंगच्या सगळ्या खर्चासकट. मेंटेनन्सच्या साहेबांनी दोन्हीचे दर आतापासून मागवून ठेवले आहेत, आणि यावेळी मागणीपत्रासोबत वर्षभराच्या लोडच्या नोंदीही जोडल्या आहेत.